लाल बटणाची भानगड

घरातल्या यंत्रांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताईंनी साताऱ्यात ३१ वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं आहे.

प्रश्न : ताई, मी ७१ वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक. मुलगा बंगळुरूला असतो. दिवाळीत येताना त्यानं युनिव्हर्सल रिमोट आणला आणि टीव्ही, डीटीएचचा बॉक्स, साउंडबार अशी तिन्ही यंत्रं एका लाल बटणावर बसवून दिली. चार दिवस झकास चाललं. आता बटण दाबलं की टीव्ही लागतो आणि बॉक्स बंद पडतो. पुन्हा दाबलं की बॉक्स लागतो, टीव्ही बंद! साउंडबारची तर आणखीच तऱ्हा. दिवा लागतो आणि दोन सेकंदांत विझतो. सौभाग्यवतींनी रबरबँड लावून ठेवलेले जुने तिन्ही रिमोट परत बाहेर काढलेत. मुलाला विचारलं तर म्हणतो, "बाबा, तुम्ही काहीतरी दाबलं असणार." मी काय दाबलं?
— मिरज

उत्तर : गुरुजी, तुम्ही काही दाबलेलं नाही. निदान चुकीचं तरी नाही.

तुमच्या घरात दोन वेगवेगळी दुखणी एकाच वेळी आली आहेत. आधी बॉक्सचं बघू.

रिमोट म्हणजे दवंडीवाला. "टीव्ही हो, तुमचं पॉवर बटण दाबलंय हो" असं ओरडायचं आणि पुढे जायचं. त्याच्या टोकाला जो छोटा दिवा असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात, बहुतेक रिमोटमध्ये सेकंदाला ३८ हजारांच्या वेगानं लुकलुकतो. एनईसी नावाची जी पद्धत फार चालते, तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाळी, मग कुणासाठी निरोप आहे तो पत्ता, मग काय करायचं तो हुकूम. पत्ता आणि हुकूम दोन्ही दोनदा पाठवतात, दुसऱ्यांदा उलटे करून, म्हणजे ऐकणाऱ्याला ताळा जमवता यावा. सगळं मिळून सुमारे ६७ मिलिसेकंदांचं काम. एवढी काळजी घेतलेली, पण उलट टपालाची सोय मात्र शून्य. टीव्ही लागला की नाही हे रिमोटला कधीच कळत नाही.

त्यातून तुमचं लाल बटण "लाव" असंही म्हणत नाही आणि "बंद कर" असंही म्हणत नाही. ते म्हणतं, "आहेस त्याच्या उलट हो." आमच्या धंद्यात याला टॉगल म्हणतात. एकच यंत्र असेल तर काही बिघडत नाही, तुम्ही समोर बसून बघत असता. तीन यंत्रं एका बटणावर बांधली आणि त्यातलं एक जरी पाय चुकलं, की पुढची प्रत्येक दाब त्या चुकीला जपत बसते. तुम्ही पुन्हा दाबता, तिघंही उलटतात, चूक जिथल्या तिथे. कवायतीत एक पोरगा उजव्याऐवजी डाव्या पायानं निघाला की शिट्टी वाजवून तो सुधारत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

पाय चुकायला कारणं पुष्कळ. लाइट जाऊन आली की काही बॉक्स आपोआप सुरू होतात, टीव्ही मात्र झोपलेलाच राहतो. कुणीतरी बॉक्सचा जुना रिमोट वापरतं. किंवा भिंतीवरचा खटका बंद करतं, ही आपल्याकडची सवय आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही.

पण सगळ्यात जास्त वेळा कारण असतं ते हात. साताऱ्यात एका घरी मी स्वतः असा रिमोट बसवून दिला होता. दोन दिवसांनी रात्री साडेनऊला फोन : टीव्ही लागतोय, बॉक्स नाही. स्कूटर काढून गेले. सगळं तपासलं, उत्तम चाललं. घरी येऊन जेवायला बसते तोच पुन्हा फोन! तिसऱ्या दिवशी मुद्दाम मालिकेच्या वेळेला जाऊन कोपऱ्यात बसले. आजींनी बटण दाबलं आणि लगेच रिमोट मांडीवर पालथा टाकला. एका बटणावर बांधलेले हुकूम एकामागून एक सुटतात, मध्ये थांबे असतात, सगळं मिळून चार-पाच सेकंद लागतात. पहिला हुकूम टीव्हीला पोचला, बाकीचे आजींच्या लुगड्यात. मी म्हटलं, "आजी, बटण दाबलं की रिमोट तसाच धरून पाच वेळा रामनाम घ्या आणि मग खाली ठेवा." त्यानंतर फोन आला नाही. म्हणून पहिलं औषध फुकटचं : रिमोट धरून ठेवा.

खरं औषध वेगळं. बऱ्याच टीव्हींना "फक्त लाग" आणि "फक्त बंद हो" असे दोन स्वतंत्र हुकूम समजतात. एलजी आणि सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींमध्ये ते आहेत, फक्त सोबत आलेल्या रिमोटवर त्यांची बटणं छापलेली नसतात. लागलेल्या टीव्हीला "लाग" म्हटलं तर तो ढिम्म हलत नाही, आणि आपल्याला तेच हवं असतं. तुमच्या रिमोटचं ॲप उघडायला मुलाला सांगा आणि टीव्हीच्या हुकुमांच्या यादीत "पॉवर" सोडून "पॉवर ऑन" आणि "पॉवर ऑफ" अशा वेगळ्या ओळी आहेत का ते बघायला सांगा. असतील तर लाल बटणाची फाळणी करायची : एक बटण लावायचं, दुसरं बंद करायचं. दोन्ही कामं एका बटणावर ठेवण्याचा हट्ट सोडा.

बॉक्सला असे हुकूम नसतील, बहुतेक नसतातच. मग एक जुगाड. बॉक्स स्टँडबायला टाका आणि चॅनलचा एखादा आकडा दाबा. नुसत्या आकड्यानं तो जागा झाला तर जिंकलो. लावायच्या बटणात बॉक्सचं पॉवर घालायचंच नाही, त्याऐवजी आकडा घालायचा. झोपला असेल तर उठेल, जागा असेल तर फार तर चॅनल बदलेल. बंद करायच्या बटणात आधी आकडा, मग आठ-दहा सेकंदांचा थांबा, मग पॉवर. आकड्यानं तो नक्की जागा झालेला असतो, त्यामुळे पॉवर त्याला नक्की झोपवतं. थांबा तुमच्या बॉक्सच्या आळसाप्रमाणे ठरवा, घड्याळ लावून मोजा. आणि आकड्यानंही उठत नसेल तर बॉक्सला लाल बटणातून सरळ वगळा. त्याचं पॉवर वेगळ्या बटणावर राहू दे. एक बटण जास्त दाबायला लागलं म्हणून कुणी मरत नाही.

आता साउंडबार. दिवा लागून दोन सेकंदांत विझतो, हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, रोग त्यातच कळला. तुमचा साउंडबार टीव्हीला एचडीएमआय वायरनं जोडलेला असणार. त्या वायरीतल्या १९ पिनांपैकी १३ व्या पिनेवरून यंत्रं आपापसांत बोलतात. याला सीईसी म्हणतात, पण प्रत्येक कंपनीनं आपलं बारसं वेगळं केलंय : सॅमसंगचं ॲनीनेट प्लस, एलजीचं सिंपलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. टीव्ही लागला की तो स्वतःच साउंडबारला उठवतो. बिचारा उठतो न उठतो तोच तुमच्या रिमोटचा "उलट हो" येऊन थडकतो आणि तो परत झोपतो. दोघांनी एकाच मुलाला उठवायला जावं, एकानं चादर ओढावी, दुसऱ्यानं घालावी, तशातली गत.

उपाय एवढाच की लाल बटणातून साउंडबार काढून टाका. टीव्ही त्याला उठवेल आणि झोपवेलही. आवाजाची बटणं मात्र साउंडबारचीच राहू द्या.

आणि मुलाला सांगा, माझ्याकडूनही एकदा ते बटण असंच बसवलं गेलं होतं.

प्रश्न : टीव्हीसाठी घेतलेल्या स्वस्त युनिव्हर्सल रिमोटवर फायर टीव्ही स्टिक (टीव्हीत खोचायची, इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी कांडी) चालू-बंद करायची आहे. पुस्तिकेतले सगळे कोड घालून पाहिले, एकही लागत नाही. रिमोट खराब असेल का?
— ठाणे

उत्तर : रिमोट ठणठणीत असेल. स्टिकला डोळाच नाही. ती टीव्हीच्या पाठीमागे लपून बसते, उजेडाचा निरोप तिच्यापर्यंत जाणार कसा? म्हणून तिचा रिमोट तिच्याशी ब्लूटूथनं बोलतो. त्याच रिमोटवरचं पॉवरचं बटण मात्र टीव्हीसाठी उजेडाचा निरोप सोडतं. स्टिकच्या सेटिंग्जमध्ये इक्विपमेंट कंट्रोल आहे, तिथे टीव्हीची कंपनी निवडली की ते बटण टीव्हीला लागू होतं. तेवढ्यावर भागत असेल तर नवा रिमोट परत करून या.

स्टिकला चालू-बंद करायच्या भानगडीत पडूच नका. ती आपली आपण डुलकी काढते. फक्त तिचा वीजपुरवठा टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका. बऱ्याच टीव्हींत टीव्ही बंद झाला की ती वीजही जाते, आणि मग दर वेळी स्टिक पहिल्यापासून सुरू होत बसते. सोबत आलेला ॲडॅप्टर भिंतीत लावा.

प्रश्न : शिकणारा रिमोट घेतला. जुन्या रिमोटसमोर धरून पॉवर शिकवलं. एकदा दाबलं की टीव्ही लागतो, पण लगेच बंद करायला दाबलं तर काही होत नाही. मध्ये आवाजाचं बटण दाबलं की मग पॉवर चालतं! सेल बदलून झाले.
— चिपळूण

उत्तर : वा! आवाजाच्या बटणाची गोष्ट लिहून तुम्ही माझा अर्धा तास वाचवलात.

तुमचा टीव्ही आरसी-५ किंवा तिच्या कुळातली पद्धत वापरत असावा. ती फिलिप्सची. तिच्यात अडचण अशी सोडवलेली आहे : माणसानं बटण एकदाच लांब दाबून धरलंय की सोडून पुन्हा दाबलंय, हे टीव्हीला कळावं कसं? म्हणून निरोपात एक आकडा ठेवला. प्रत्येक नव्या दाबेला तो उलटतो, ०, १, ०, १. तुमचा शिकाऊ रिमोट हे काही समजून घेत नाही, त्यानं पोपटासारखं एकच निरोप पाठ केलाय, आकड्यासकट. दुसऱ्यांदा तोच आकडा आला की टीव्हीला वाटतं, याचं बोट अजून बटणावरच आहे, आणि तो दुर्लक्ष करतो. मध्ये दुसरा हुकूम आला की गैरसमज मिटतो.

तेव्हा शिकवू नका. रिमोटच्या पुस्तिकेत तुमच्या टीव्हीचा कोड नंबर शोधून तो घाला. आत तयार असलेला कोड तो आकडा स्वतः उलटवतो. नंबर सापडलाच नाही तर कुठल्यातरी रिकाम्या बटणावर पॉवर दुसऱ्यांदा शिकवा, आणि तेही पहिल्यासारखंच अडलं तर जुन्या रिमोटचं बटण एकदा मोकळं दाबून पुन्हा शिकवा, म्हणजे उलटा आकडा पकडला जाईल. एकानं लावायचा, दुसऱ्यानं बंद करायचा. शिकवताना दोन्ही रिमोट नाकाला नाक लावून, दोन-तीन बोटांच्या अंतरावर ठेवा आणि उन्हाच्या तिरिपेत बसू नका.

प्रश्न : झोपताना "सगळं बंद" असं एक बटण हवं आहे, त्यात एसीही. जमेल का?
— नागपूर

उत्तर : जमेल, आणि एसी त्यात सगळ्यात गुणी निघेल. एसीच्या बहुतेक रिमोटवरचं कुठलंही बटण दाबा, तो पूर्ण हकिगत पाठवतो : चालू की बंद, कूल की ड्राय, २४ की २६, पंखा किती. म्हणून तर त्या रिमोटला स्वतःचा पडदा असतो. एसी बंद करतानाचा निरोप शिकवलात की तो निरोप नेहमी "बंद" असाच राहतो, दहा वेळा दाबा. टीव्हीवाल्यांना ही अक्कल का आली नाही, मला आजवर कळलेलं नाही.

एक खोच आहे. एसीचा निरोप लांबलचक असतो आणि स्वस्त शिकाऊ रिमोटच्या डोक्यात तो मावत नाही. दिवा लुकलुकून "शिकलो" म्हणतो आणि प्रत्यक्षात काही होत नाही. असं झालं तर एसीसाठी कोड नंबर असलेलाच रिमोट घ्या. आणि नागपूरच्या मे महिन्यात "सगळं बंद"मध्ये एसी खरंच हवाय का, हे घरच्यांना आधी विचारा.

प्रश्न : रिमोटमधून निरोप बाहेर पडतोय की नाही हे घरी कसं तपासायचं? आणि सेल काढले की सगळं सेटिंग पुसलं जातं का?
— बार्शी

उत्तर : मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. पाठीमागच्या कॅमेऱ्यांवर तो उजेड अडवणारी काच असते, तिथे दिसला नाही तर रिमोटला दोष देऊ नका.

सेटिंगचं म्हणाल तर चांगले रिमोट विसरत नाहीत, स्वस्तातले विसरतात. सेल गळून आत हिरवं चढलं की मात्र चांगलाही विसरतो. म्हणून कोड नंबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीनं लावा. आमच्याकडच्या झाकणात टीव्हीचा कोड माझ्या अक्षरात आहे, आणि त्याच्याखाली आईनं दूधवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय.