ट्रेलर डुलतो, गाडीचं नाक उचलतं : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : शिरोलीतल्या फॅब्रिकेटरकडून एका एक्सलचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर करून घेतला. सामानासकट १२०० किलो भरतो. सात सीटर एसयूव्हीमागे पुण्यापर्यंत छान आला. परवा बेळगावला जाताना मात्र कागलच्या पुढे ट्रक ओव्हरटेक करून गेला आणि ट्रेलर शेपूट मारायला लागला. वेग ८० होता. फरक एवढाच की या वेळी मागची पाण्याची टाकी भरलेली होती आणि दोन सायकली मागच्या कॅरियरला लावल्या होत्या. हूक बदलावा का? (राजारामपुरी)

हूक बदलू नका, सामान हलवा. तुम्ही ‘एवढाच’ म्हणून जो फरक सांगितलात, सगळा घोटाळा त्यातच आहे.

ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हूकवर यायला हवा. १२०० किलोला १२० ते १८० किलो. तुमच्या ट्रेलरचा १५० होता असं धरू आणि हूकच्या बॉलपासून (ट्रेलर ज्यावर अडकतो तो गोळा) एक्सल ३ मीटरवर आहे असं समजू. १०० लिटरची टाकी एक्सलच्या १.२ मीटर मागे असेल तर ती हूकवरचा भार ४० किलोने उचलते. कॅरियरसह सायकली ३० किलो आणि एक्सलच्या २.४ मीटर मागे, म्हणजे आणखी २४ किलो गेले. उरले ८६. एकूण वजन मात्र १३३० झालं. साडेसहा टक्के! युरोपात ५ ते ७ टक्क्यांवरही कॅरव्हॅन ओढतात. पण तिथली बांधणी हलकी असते आणि कपलरमध्ये (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) बहुधा घर्षणाचे पॅड असतात. आपल्याकडच्या चॅनल-अँगलच्या ट्रेलरला तो हिशेब लावू नका.

शिवाय वजन अगदी टोकाला असलं की एकदा सुरू झालेला झोका लवकर थांबत नाही. ट्रकच्या हवेचा धक्का हे फक्त निमित्त. वेग वाढतो तशी झोका आपोआप विरण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून ६० ला गुणी वाटणारा ट्रेलर ८० ला अंगावर येतो.

पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरा, किंवा टाकी एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे सरकवून घ्या. सायकली आत, एक्सलवर. जड सामान (बॅटरी, सिलिंडर, भांडी) खाली आणि एक्सलच्या जरा पुढे. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना ट्रेलरच्या टायरमधली हवा तपासा. कमी हवेचा टायर बाजूला लवतो आणि डुलणं वाढवतो.

रस्त्यात पुन्हा तसं झालंच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, झोक्याच्या उलट दिशेला फिरवत बसू नका. गाडीचा ब्रेक दाबू नका आणि ‘वेग दिला की सरळ होतो’ हा सल्ला ऐकू नका. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आणि हाताने चालवायची कळ असेल तर फक्त तो ब्रेक हलकेच लावा.

प्रश्न : हूकवरचं वजन मोजायचं कसं? मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर चालेल का? (लक्ष्मीपुरी)

एकूण वजनासाठी उत्तम. हूकवरच्या भारासाठी जरा भोंगळ, कारण मोठे काटे सहसा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात. घरी असं करा. ट्रेलर नेहमीसारखा भरा, सपाट जागी चाकांना ओट (ट्रेलर सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा. एका बाजूला विटा, दुसऱ्या बाजूला घरातला वजनकाटा, दोन्ही एकाच उंचीवर. त्यावर जाड फळी, दोन्ही टोकांखाली पाइपचा एकेक तुकडा. दोन पाइपांमधलं अंतर ३ फूट. विटांकडच्या पाइपपासून १ फुटावर कपलर टेकवा. काट्यावरच्या आकड्यातून नुसत्या फळीचा आकडा वजा करून ३ ने गुणा. काटा ५० दाखवतो तर भार १५०. कपलर मात्र गाडीला जोडल्यावर असतो त्याच उंचीवर हवा.

प्रश्न : मेव्हण्यांनी अमेरिकेतून वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं किट आणलंय. ट्रेलर ११०० किलोचा, ओव्हररन ब्रेकचा (गाडी थांबताना ट्रेलर मागून रेटतो, त्याच जोरावर लागणारा ब्रेक). जोडल्यावर गाडीचं नाक उचलतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. हे किट बसवू का? (ताराबाई पार्क)

आधी किट नेमकं काय करतं ते पाहा. गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) २.७ मीटर, मागच्या एक्सलपासून बॉल १.१ मीटर मागे आणि हूकवर १५० किलो भार असेल, तर पुढच्या चाकांवरचे सुमारे ६१ किलो उचलले जातात आणि मागच्या एक्सलवर २११ किलो चढतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते म्हणूनच. किटचे दोन स्प्रिंग बार ताणले की ते पहारीसारखे गाडीचं बूड उचलतात. ताण बरोबर लावून पुढचे ६१ किलो पूर्ण परत आणले, तर (बॉलपासून ट्रेलरचा एक्सल पुन्हा ३ मीटरवर धरून) मागच्या एक्सलवर ९५ राहतात आणि उरलेले ५५ ट्रेलरच्या चाकांवर जातात. एकूण भार तेवढाच, फक्त वाटणी बदलते. त्यामुळे गाडीची ओढण्याची क्षमता या किटने एका किलोनेही वाढत नाही.

तुमच्या बाबतीत चार अडचणी आहेत. ओव्हररन ब्रेकमध्ये कपलर पुढे-मागे सरकतो तेव्हाच ब्रेक लागतो. ताणलेले बार ती हालचाल अडवू शकतात. किट आणि ओव्हररन ब्रेक बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या पुस्तिकेत तशी स्पष्ट परवानगी नसेल तर विषय संपला. दुसरी, बारची ताकद. अमेरिकन किट बहुधा जड ट्रेलरसाठी असतं. ६०० पौंडांचे, म्हणजे सुमारे २७२ किलोचे बार तुमच्या हलक्या ट्रेलरला फार कडक पडतील, खड्ड्यात ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या वेल्डिंगला तडा जाईल. तिसरी, बॉल. अमेरिकेत २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, शिवाय २ ५/१६ इंच. युरोपीय पद्धतीचा ५०. २ इंचाचा कपलर ५० च्या बॉलवर बसलेला दिसतो पण खेळतो, आणि खेळणारा कपलर निसटतो. दोन्हीवर कोरलेला आकडा वाचा.

चौथी सगळ्यात मोठी. गाडीला लावलेला रिसीव्हर (हूक बसवायची चौकट) बारांचा पीळ सोसण्यासाठी बनवलेला हवा. बंपरच्या ब्रॅकेटला चार बोल्टांत अडकवलेला स्थानिक हूक नुसता भार घेतो, पीळ घेत नाही. गाडीची पुस्तिकाही पाहा, काही कंपन्या असं किट लावायला मनाई करतात.

सगळं जुळलंच, तर क्रम असा. गाडी आणि ट्रेलर भरलेले, जमीन सपाट. ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या कमानीची उंची मोजा, समजा ८४० मिलिमीटर. ट्रेलर जोडून बार न लावता ८६० आली. बार लावल्यावर ती ८५० किंवा त्याखाली यावी, म्हणजे चढलेल्यातली किमान निम्मी उंची परत. पण ८४० च्या खाली कधीच नाही. जास्त ताणलं तर मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी ट्रेलरसमोर आडवी होते. बार अडकवण्यापूर्वी कपलरला कुलूप लावून पुढच्या जॅकने दांडा आणि गाडीचं बूड दोन्ही वर उचला. न उचलता पहारीने साखळी ओढली आणि बार सुटला, तर हाताचं हाड जागेवर राहत नाही. बॉलचा नट टॉर्क रेंचनेच आवळा. १ इंची शँकला (बॉलखालची आट्यांची दांडी) साधारण ३४० न्यूटन-मीटर लागतात.

आमचं मत विचाराल तर ११०० किलोसाठी एवढा खटाटोप नको. सामान नीट लावा, मागचे पाटे अशक्त असतील तर बदला आणि हेडलाइटची उंची खाली घ्या.

प्रश्न : डुलणं थांबवायला घर्षणाचा बार लावलाय. पावसाळ्यात गगनबावड्याकडे जाताना गाडी वळणात पुढेच घसरते असं वाटतं. (फुलेवाडी)

वाटत नाही, तसं होतंच. हा बार दांडा आणि हूक यांच्यामधलं वळणं मुद्दाम जड करतो. रस्ता निसरडा किंवा खडीचा असला की पुढच्या चाकांची पकड तेवढा जोर लावायला पुरत नाही आणि गाडी सरळ जाते. घाटात, पावसात त्याची मूठ सैल करा आणि वेग उतरवा. रिव्हर्स घेताना तर बार काढूनच ठेवा, नाहीतर तीव्र वळणात वाकतो. बारवर ग्रीस, रंग, तेल काही नको. साध्या कपलरच्या बॉलला ग्रीस लागतं, पण घर्षणाचे पॅड असलेल्या कपलरचा बॉल कोरडा, रंग खरवडलेला हवा. या दोन गोष्टींची अदलाबदल सर्रास होते.

करूळ घाट उतरताना गिअर वळण येण्याआधीच खाली घ्या. ओव्हररन ब्रेक उताराला सतत लागून राहतो आणि ड्रम तापतात. वैभववाडीच्या आधी एकदा थांबून हबजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच गरम असेल तर ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग जातंय.

प्रश्न : ऊस भरलेली दोन चाकी ट्रॉली चढाला लागली की ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचलतंय. आणि दोन ट्रॉल्या लावल्या की मागची सापासारखी चालतीय. (शिरोळ)

दोन चाकी ट्रॉलीचा दांडा वजन थेट हूकवर टाकतो. ऊस पुढे रेटून भरला की भार वाढतो, पुढचं टोक हलकं होतं. मोळ्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना अशा लावा की दांड्यावर थोडाच भार राहील, आणि पुढे कंपनीची वजनं लावा. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडा. वरच्या लिंकला किंवा एक्सलच्या वर जोडून ओढली, तर ट्रॅक्टर मागे उलटतो, तेही चालकाला क्लच दाबायला वेळ मिळायच्या आत.

दोन ट्रॉल्या असतील तर आधी पिना बघा. पिन आणि डोळा झिजला की प्रत्येक जोडात खेळ येतो आणि मागच्या ट्रॉलीत तो मोठा होऊन दिसतो. जाडी कमी झालेली पिन बदला. पिनेच्या जागी बोल्ट किंवा सळई घालू नका, पिन निसटू नये म्हणून तिला आर-पिन (स्प्रिंगची चाप) अडकवा आणि साखळी वेगळी लावा. जास्त वजनाची ट्रॉली पुढे ठेवा.

अजून एक, बऱ्याच अपघातांमागचं कारण. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात, ते शेतात वळायला. डांबरीवर येताना दोन्ही पट्टीने जोडून घ्या. नाहीतर उताराला एकच दाबला जातो, ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आणि ट्रॉल्या त्याला ढकलून आडव्या करतात. उताराला न्यूट्रल तर अजिबात नको.

प्रश्न : छोट्या हॅचबॅकला हलका ट्रेलर लावू का? (उद्यमनगर)

गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचं वजन दिलं नसेल तर नाही. दिलं असेल तरी ट्रेलर बनवायला टाकण्याआधी आरटीओत विचारा. ट्रेलरची नोंदणी आणि नंबर प्लेट वेगळी लागते, ती नंतर जुळवायला जास्त त्रास होतो.