द्वंद्व म्हणजे भांडण? कोणी सांगितलं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकाबाईंना पालकसभेसाठी पत्रक काढायचं आहे. विषय किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठीची डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही मानसोपचाराची एक पद्धत. 'द्वंद्वात्मक वर्तणूक उपचार' लिहिलं, तर एक पालक म्हणाले, "घरात द्वंद्व काय कमी हाय?" शिवाय 'वर्तणूक' ऱ्हस्व की दीर्घ, हेही त्यांना हवं आहे.

आधी डोक्यात गेलेली गोष्ट. 'डायलेक्टिकल म्हणजे बोलीभाषेतली' असं एका कार्यशाळेत वक्त्यानं ठोकून दिलेलं मी ऐकलं. म्हणजे वऱ्हाडीत समजूत घातली की झाली डीबीटी! डायलेक्ट (बोली) आणि डायलेक्टिक (दोन विरुद्ध बाजू एकत्र धरून विचार करणं), दोन्हींचं मूळ 'संवाद करणं' या ग्रीक क्रियापदात आहे, कबूल. पण चुलतभाऊ आहेत म्हणून एकाचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

आता द्वंद्व. कुस्ती, द्वंद्वयुद्ध वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, सोडा. मजा पाणिनीत आहे. 'द्वंद्व' शब्द कुठे चालतो ते सांगणाऱ्या सूत्रात (८.१.१५) त्यानं पहिलाच अर्थ दिला आहे 'रहस्य'! काशिकावृत्ती या पाणिनीवरच्या जुन्या टीकेतलं उदाहरण 'द्वन्द्वं मन्त्रयन्ते': दोघं-दोघं बसून गुपचूप बोलतात. दोन गटांत फुटणंही त्या यादीत आहे, भांडण नाही. म्हणजे ग्रीक शब्दाच्या पोटात संवाद आणि आपल्या शब्दाच्या पोटात कानगोष्ट. दोघांची गाठ अशी पडावी, याचा मला झालेला आनंद घरात कुणालाच कळला नाही.

आमचे एक पंडितमित्र मात्र 'विरोधविकासी उपचार' म्हणा म्हणतात. 'डायलेक्टिकल'साठी मार्क्सवादाच्या मराठी पुस्तकांतून उचललेला शब्द. आईबापांना वाटेल, पोरीच्या विरोधाचाच विकास करायचा आहे. त्यापेक्षा समास बघा ना! 'खरंखोटं' हा वैकल्पिक द्वंद्व, विग्रह 'किंवा'नं. 'आईबाप' इतरेतर, विग्रह 'आणि'नं. माझं ठाम मत आहे की डीबीटी हा इतरेतर द्वंद्व आहे.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनेहान यांनी ही पद्धत उभी केली, १९९३ साली तिचा ग्रंथ आला. वारंवार स्वतःला इजा करून घेणाऱ्यांसाठी ती होती. ॲलेक मिलर आणि जिल रॅथस यांनी ती किशोरांसाठी बेतली, कौशल्यांच्या वर्गात आईबापांनाही शेजारी बसवलं आणि 'मधल्या वाटेनं चालणं' हा भाग जोडला. सगळी मेख 'पण'च्या जागी 'आणि' ठेवण्यात आहे. वेचणीहून थकून आलेली माय ओट्यावर टेकते आणि दाराआडच्या पोरीला म्हणते, "एवढ्याशा गोष्टीसाठी काऊन रडून राहिली?" तिथं डीबीटी म्हणायला लावेल, "तुले वाईट वाटलं, हे खरं हाय. अन् मोबाईल दहा वाजता ठेवा लागते, हेही खरं हाय." त्या 'अन्'मध्ये पोरीचं दुःखही खोटं ठरत नाही आणि घरची शिस्तही मोडत नाही. 'पण' घाला, पहिलं वाक्य पुसलं जातं. करून पाहा.

तेव्हा बाई, 'द्वंद्वात्मक' खुशाल ठेवा, खाली ते मायचं वाक्य छापा. आणि हो, 'वर्तणूक'मधला 'णू' दीर्घ, 'निवडणूक'सारखाच. 'वर्तणुकीचा' म्हणताना ऱ्हस्व.