थर्मामीटर नव्हते तेव्हाचं समुद्राचं तापमान प्रवाळावरून खरंच कळतं का?

तुम्ही विचारलंय की हे खरंच कळतं का नुसता अंदाजपंचे कारभार आहे. कळतं, आणि चांगलं कळतं. मी ठाण्यात नौपाड्याला एक्सरे काढायचं काम करते आणि या विषयाची गोडी मला एक्सरेमुळेच लागली.

पोरायटीस नावाचं प्रवाळ असतं, मोठ्या गोल धोंड्यासारखं, आपल्या लक्षद्वीपलाही आहे (अंगठीतलं लाल पोवळं वेगळं हं). त्याचा जिवंत थर फक्त वरच्या पापुद्र्याएवढा, खाली सगळा चुनखडीचा सांगाडा, तो वर्षाला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. ड्रिलने त्यातून लांब दांडा काढायचा, पातळ काप करून एक्सरे घ्यायचा, की घट्ट भाग पांढरा आणि विरळ भाग काळा असे पट्टे दिसतात, हाडाचं दिसतं अगदी तसंच! एक पांढरा एक काळा मिळून एक वर्ष. हे पक्कं कसं झालं तर प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक बेटावर अमेरिकेने 1948 ते 1958 मध्ये अणुचाचण्या केल्या, त्याचा किरणोत्सर्ग तिथल्या प्रवाळात अडकलेला होता, चाचण्यांची वर्षं माहीतच होती आणि पट्टे मोजले तर बरोबर जुळले. 1972 ला ते छापून आलं.

पण एक्सरे फक्त कॅलेंडर देतो, तापमान नाही, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. तापमानासाठी त्या पट्ट्यांतून मिलिमीटरभर अंतरावर भुकटी खरवडतात आणि त्यात कॅल्शियमच्या मानाने स्ट्रॉन्शियम (कॅल्शियमसारखाच एक धातू) किती ते मोजतात. पाणी गरम असेल तर स्ट्रॉन्शियम कमी बसतं. ऑक्सिजनचे आयसोटोपही (म्हणजे हलके-जड अणू) बघतात पण त्यात पावसाची, खारटपणाची भेसळ होते, त्यामुळे मला स्ट्रॉन्शियमवर जास्त भरवसा वाटतो. अलीकडच्या वर्षांचे आकडे मोजलेल्या तापमानाशी लावून हिशोब बसवायचा आणि मग तोच हिशोब धरून मागे मागे जायचं. एखादं प्रवाळ आजारी असलं तर आकडे चुकतात, म्हणून एकावर विसंबत नाहीत, बरेच दांडे ताडून बघतात.

ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्राचं असं 1618 पर्यंत मागे जाऊन काढलंय, आणि 2024 चे जानेवारी ते मार्च हे त्या 400 वर्षांतले सगळ्यात गरम निघाले. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं.

आणि हो, ड्रिल करून प्रवाळ मारतात असं समजू नका, भोक सिमेंटने बुजवतात आणि काही वर्षांत जिवंत थर त्यावरून परत पसरतो.