घरातील वितरण पेटी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गिझर चालू असताना इंडक्शन शेगडी लावली की थोड्या वेळाने १६ अँपियरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) पडतो. वायरमन त्या जागी ३२ अँपियरचा बसवू म्हणतो. बसवावा का? (नाशिक)

बसवू नये. ३,००० वॅटचा गिझर आणि २,००० वॅटची शेगडी मिळून २३० व्होल्टवर सुमारे २२ अँपियर प्रवाह घेतात, त्यामुळे तुमचा एमसीबी आपले काम नीट करीत आहे. एमसीबीचे अँपियर उपकरणावरून नव्हे, तर त्यामागच्या वायरला किती प्रवाह सोसतो यावरून ठरवायचे असतात. भिंतीत २.५ चौरस मिलिमीटरची वायर असताना ३२ अँपियरचा एमसीबी बसवला, तर पेटी शांत राहील आणि वायर तापत राहील. गिझरसाठी पेटीपासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि तिला २० अँपियरचा स्वतंत्र एमसीबी, हा योग्य उपाय आहे. एकूण भार महावितरणच्या मंजूर भारात बसतो का, हेही वीजबिलावर पाहून घ्यावे.

प्रश्न : नव्या पेटीत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवला. इन्व्हर्टरवरचा पंखा लावताच तो पडतो. आरसीसीबी खराब आहे का? (सांगली)

बहुतेक नाही. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, एवढेच आरसीसीबी पाहतो, आणि फरक ३० मिलिअँपियरच्या आसपास पोचला की वीज तोडतो. जुन्या घरांत इन्व्हर्टरची फेज वेगळी ओढलेली असते, पण न्यूट्रल मात्र जिथे सापडेल तिथे जोडलेला असतो. फेज आरसीसीबीनंतरची आणि न्यूट्रल त्याच्या अलीकडचा, असे झाले तर ७५ वॅटच्या साध्या पंख्याचाही तीनशेहून अधिक मिलिअँपियर प्रवाह त्याला गळतीच वाटतो. (अशा वेळी आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नये.)

दोष शोधताना सगळे एमसीबी पाडून ते एकेक करून चढवण्याची पद्धत उपयोगी आहे, परंतु एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्यामुळे एखाद्या ओल्या जोडपेटीत न्यूट्रल अर्थला टेकत असेल, तर तो दोष या पद्धतीने हमखास सापडेलच असे नाही. त्यासाठी मेन स्विच बंद करून लिंकवरचे (सगळे न्यूट्रल जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीवरचे) न्यूट्रल एकेक सोडवून मीटरने तपासावे लागतात. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. दुरुस्ती करताना इन्व्हर्टरवरच्या दिवे-पंख्यांसाठी न्यूट्रलची वेगळी लिंक आणि वेगळा आरसीसीबी मागून घ्यावा, कारण वीज गेल्यावर इन्व्हर्टरमधून येणारा प्रवाह मुख्य आरसीसीबीतून जातच नाही.

प्रश्न : आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो. म्हणजे अर्थिंग ठीक आहे असे समजावे का? (पुणे)

समजू नये. बटण दाबल्यावर आतल्या रोधकातून मुद्दाम थोडा असमतोल निर्माण केला जातो, ज्यात अर्थच्या वायरचा काही संबंध नसतो. अर्थिंग मुळीच नसलेल्या घरातही हे बटण चालेल. महिन्यातून एकदा ते दाबावे, पण अर्थचा रोध मोजण्यासाठी अर्थ टेस्टरच लागतो. आरसीसीबी जादा भारापासून वाचवत नाही, म्हणून त्याच्यासोबत एमसीबी हवाच.

प्रश्न : कोकणात घर बांधतो आहोत. पेटी कुठे बसवावी? (चिपळूण)

पावसाची झड लागणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळावी. पेटी डोळ्यांच्या उंचीवर, समोर कपाट येणार नाही अशा जागी घ्यावी. वापरात नसलेली पाइपची भोके बंद करून घ्यावीत, नाहीतर मुंग्या आणि पाली आत शिरतात. पेटीच्या दारावर आतून कोणता एमसीबी कशाचा, हे मराठीत लिहून ठेवावे.