बेक्ड व्हेजला पाणी सुटतं आणि वरून रंग येत नाही

तुझा प्रश्न नीट वाचला. रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी, 12 माणसं जेवायला, पुलाव आणि टोमॅटोचं सार ठरलंय, सोबत बेक्ड व्हेज, म्हणजे व्हाइट सॉसमध्ये घातलेल्या आणि वर चीज लावून भाजलेल्या भाज्या, करायचंय आणि परवा ट्रायल घेतलीस तर तळाला वाटीभर पाणी, सॉस फाटल्यासारखा रवाळ आणि वरचं चीज पांढरंच्या पांढरं. आणि आता नवीन ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, घ्यावा का असं विचारतेयस. अजिबात घेऊ नकोस. मी गेली 22 वर्षं हा पदार्थ करतेय, त्यातली पहिली नऊ वर्षं अगदी साध्या छोट्या ओव्हनमध्ये केला, त्यामुळे खात्रीने सांगते, बेक्ड व्हेज नाव असलं तरी तो होतो गॅसवरच. ओव्हन फक्त शेवटचा रंग आणतो. तुझ्या तिन्ही तक्रारी ओव्हनमध्ये भांडं जायच्या आधीच्या आहेत.

आधी पाण्याचं बघू कारण खरा घोळ तिथेच आहे. तू लिहिलंयस की सगळ्या भाज्या एकत्र कुकरला एक शिट्टी काढून, चाळणीत निथळून लगेच सॉसमध्ये घातल्यास. अगं, फ्लॉवर, कोबी, सिमला मिरची या सगळ्यांत 90 टक्क्यांच्या वर पाणीच असतं, दुधी आणि झुकिनीत तर 95च्या आसपास. कुकरमध्ये त्या मऊ होऊन आणखी पाणी पितात आणि मग ओव्हनच्या गरमीत ते सगळं तळाशी सोडतात. त्यात दुधी घातला होतास, तो या पदार्थातून काढूनच टाक. मीही एकदा पौष्टिक म्हणून घातला होता, सॉसचं ताक झालं.

मी काय करते, मोदकपात्रात वाफवते. गाजर आणि फरसबी आधी, सहा-सात मिनिटं, फ्लॉवरचे तुरे चार-पाच मिनिटं, मटार ताजे असतील तर तीन-चार. सुरी टोचली तर आत जावी पण थोडा विरोध जाणवावा, एवढंच. बटाटे वेगळे उकडून, पूर्ण गार करून मगच कापायचे, गरम कापलेस तर कडा विरघळतात. आणि मग ज्यात मी कधीच आळस करत नाही ते म्हणजे या वाफवलेल्या भाज्या स्वच्छ पंचावर एका थरात पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवायच्या. वाफ आपली आपण उडून जाते. नंतर पंचा हाताला किती ओला लागतो ते बघ, ते सगळं पाणी तुझ्या डिशच्या तळाला जाणार होतं. मग मोठ्या कढईत चमचाभर बटरवर मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतायच्या, इथेच थोडी मिरपूड. कांदा, मशरूम, सिमला मिरची घालायची असेल तर ती वाफवायची नाही, कोरडीच परतायची, मशरूम तर पाणी सुटून ते पूर्ण आटेपर्यंत. फ्रोझन मटार किंवा कॉर्न असेल तर आधी वितळवून पंचावर टिपून घे. पालक घालणार असशील तर मुठीत घट्ट पिळून.

आता सॉस. सहा माणसांचं माप सांगते, तू दुप्पट कर. सगळी मिळून 1 किलो भाजी, 3 कप म्हणजे साधारण 750 मिली दूध, 60 ग्रॅम बटर, 6 सपाट टेबलस्पून मैदा म्हणजे साधारण 50 ग्रॅम, आणि 150 ग्रॅम चीज म्हणजे 25 ग्रॅमचे 6 क्यूब. दूध फुल क्रीमच घे, त्यात फॅट 6 टक्के असतं आणि टोन्डमध्ये 3, सॉसच्या चवीत हा फरक लगेच कळतो. कणकेचा सॉस होतो पण जरा मातकट लागतो, पंचाहत्तरीच्या दिवशी मैदाच वापर.

बटर मंद आचेवर वितळलं की मैदा घालून दोन-तीन मिनिटं भाजायचा. बेसनाच्या लाडवासारखा रंगावर न्यायचा नाही, नुसता फेसाळायला लागतो आणि कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास येतो, तेव्हा थांबायचं. गॅस बंद करून पहिलं फक्त अर्धा कप दूध घालायचं आणि विस्कने घोटायचं, एकदम घट्ट गोळा होईल, घाबरू नकोस, तो तसाच व्हायला हवा. मग परत अर्धा कप, परत घोटायचं, ती पेस्ट गुळगुळीत झाली की उरलेलं दूध बिनधास्त ओत, गुठळी होत नाही. गुठळ्या होतात त्या सगळं दूध एकदम ओतल्यामुळे. मग गॅस लावून सतत ढवळत उकळी आणायची आणि उकळी आल्यावर मंद आचेवर पाच मिनिटं शिजू द्यायचा. तू लिहिलंयस की घट्ट दिसायला लागला म्हणून उकळीच्या आधीच उतरवलास, तर मैद्याचा दाटपणा उकळीशिवाय पूर्ण उतरत नाही आणि पिठाळ चवही राहते. झाला का हे बघायला चमचा बुडवून उलटा कर, पाठीवर बोटाने रेघ ओढ, रेघ तशीच राहिली तर झाला. भज्यांच्या पिठासारखा हवा, ओतताना सलग पडेल असा.

रवाळ झाला त्याचं कारण चीज. उकळत्या सॉसमध्ये चीज घातलंस आणि वर परत उकळलंस, असं तूच लिहिलंयस. नुसत्या चेडरचं तसं केलं की फॅट वेगळं होतं आणि प्रोटीनचे कण धरतात. गॅस बंद कर, दोन मिनिटं थांब, मग किसलेलं चीज मूठ मूठ घालून ढवळ, सॉसच्या गरमीतच ते विरघळतं. आपलं नेहमीचं अमूलच्या क्यूबचं प्रोसेस्ड चीज या कामाला खरंच चांगलं आहे, त्यात इमल्सिफायर, म्हणजे फॅट आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे घटक, असतात त्यामुळे ते सहसा फाटत नाही. लोक त्याला कमी लेखतात, मला ते पटत नाही. सॉसमध्ये 100 ग्रॅम प्रोसेस्ड आणि वरून 50 ग्रॅम चेडर किंवा प्रोसेस्ड, हे माझं ठरलेलं आहे. मोझरेला तार छान काढतो पण चवीला फिका, वर थोडा घाल, सॉसमध्ये नको. आणि किसून मिळणारं पाकिटातलं चीज घेऊ नकोस, किस एकमेकाला चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, मग ते नीट एकजीव होत नाही.

मीठ सगळ्यात शेवटी, चीज विरघळल्यावर चाखून. बटर खारट, चीज खारट, बरेचदा पाव चमचाही लागत नाही. अर्धा चमचा मोहरीची पूड घाल, चीजची चव एकदम वर येते, मात्र पूड ताजी हवी, जुनी कडवट लागते. आणि जायफळ किसणीवर दोन-तीनदा फिरवायचं. पुरणात घालतो तेच जायफळ, आणि फ्रान्समध्ये या व्हाइट सॉसला, म्हणजे बेशामेलला, तेच घालतात, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. घरात बाकी कुठला परदेशी मसाला नसला तरी काही अडत नाही. ऑरेगॅनो-चिली फ्लेक्सची पाकिटं यात रिकामी करू नकोस, पिझ्झाची चव येते.

तुझ्या नणंदेने अननस घालायला सांगितलाय, बऱ्याच घरी घालतात आणि छान लागतो, पण डब्यातला घे, पाक निथळून आणि टिपून. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधाच्या प्रोटीनला तोडतं, शिवाय आंबटपणा आहेच. डब्यातला शिजवलेला असल्यामुळे त्यातलं एन्झाइम मेलेलं असतं. टोमॅटो मात्र आत नकोच, सार आहेच की.

रंगाचं आता. वरचा थर ओला असला की त्याचं तापमान 100 डिग्रीच्या वर जातच नाही आणि तांबूस रंग यायला 140-150 तरी लागतं. म्हणजे परवा तुझा ओव्हन पूर्ण वेळ पाणी उकळवत बसला होता, चीज भाजणार कधी. हॉटेलच्या मेन्यूत याला ऑ ग्रॅटिन लिहितात ना, तो फ्रेंच शब्द मूळ खरवडण्यावरून आलाय. आपली खरवडच ती. माझ्या आईला शेवटची दोन वर्षं चावायला त्रास व्हायचा, तिच्यासाठी मी भाज्या मटारएवढ्या कापून हे करायचे, आणि सगळं मऊ खाऊन झालं की ती भांड्याच्या कोपऱ्यातली तपकिरी कड दाखवायची, ती मी चमच्याने खरवडून तिच्या वाटीत घालायचे आणि ती जिभेवर धरून हळूहळू विरघळवत बसायची. म्हणून मी पसरट भांडं घेते, उंची दोन इंचाच्या वर नाही, कड जास्त मिळते. तूही 12 जणांचं एका खोल भांड्यात भरू नकोस, दोन पसरट भांड्यांत कर.

भांड्याला बटर लाव, परतलेल्या भाज्या सॉसमध्ये हलक्या हाताने मिसळून भर, वर चीज, आणि त्यावर ब्रेडक्रम्ब्स. दोन शिळ्या ब्रेडच्या स्लाइसचा चुरा चमचाभर वितळलेल्या बटरमध्ये चोळून घ्यायचा, कोरडा टाकलास तर तो नुसता वाळतो. ओटीजी 200 डिग्रीला 10-15 मिनिटं तापू दे, मधल्या रॅकवर, दोन्ही रॉड चालू, 20 मिनिटं. कडेने बुडबुडे यायला लागले की फक्त वरचा रॉड, 230वर, चार-पाच मिनिटं, आणि तिथून हलायचं नाही, शेवटच्या मिनिटाला रंग झपाट्याने बदलतो. मायक्रोवेव्ह असलेल्यांनी कन्व्हेक्शन मोड वापरा, नुसत्या मायक्रोवर रंग येत नाही. आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी क्रम्ब्स बटरवर तव्यावर कुरकुरीत करून गरम भाजीवर वाढताना पसरावेत, खरवड मिळत नाही पण खाताना मजा येते.

काचेच्या भांड्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी पाहुणे ताटावर बसलेले असताना मी गरम भांडं ओव्हनमधून काढून ओट्यावर ठेवलं, ओटा नुकताच ओल्या फडक्याने पुसलेला होता, आणि टक्कन आवाज होऊन भांडं मधोमध तडकलं. काचेचे कण असणार म्हणून सगळंच्या सगळं टाकून द्यावं लागलं, मला रडूच आलं होतं. तेव्हापासून कोरडा जाड टॉवेल घडी करून आधीच अंथरून ठेवते, त्यावरच भांडं. फ्रीजमधलं भांडंही थेट गरम ओव्हनमध्ये घालायचं नाही, तापमानाच्या त्याच झटक्याने तडकतं, आणि मध्यभाग गार राहतो तो वेगळाच.

रविवारसाठी असं कर. शनिवारी रात्री भाज्या वाफवून, वाळवून, डब्यात तळाला कोरडा नॅपकिन घालून फ्रीजमध्ये. क्रम्ब्सही करून ठेव. रविवारी सकाळी भाज्या परतायच्या आणि सॉस करायचा, कारण रात्रभर ठेवलेला सॉस थापीसारखा घट्ट होतो, मग दूध घालून सैल करत बसावं लागतं. 11 वाजेपर्यंत दोन्ही भांडी भरून तयार. तुझ्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच मावेल, तर पहिलं सव्वाबाराला, दुसरं पाऊणला. बाहेर काढल्यावर 10 मिनिटं हात लावू द्यायचा नाही, सॉस तेवढ्यात बसतो आणि चमचा घातल्यावर पसरत नाही. पहिलं भांडं तेवढ्या वेळात टेबलावर येतंच, दुसरं दुसऱ्या वाढपाला गरम.

आणि उरलं तर सोमवारी सकाळी ब्रेडमध्ये भरून टोस्टरला लाव, सासऱ्यांना चहाबरोबर दे.