भेग आणि प्रस्तरभंग यांतील फरक ओळखताना
मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी बेसाल्टमध्ये उभ्या घुसलेल्या डाइक (भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हारसाच्या भिंती) पाहून तुम्ही त्यांना प्रस्तरभंग, म्हणजे खडक घसरलेली भेग, म्हटले आहे. माझी पहिली विनंती अशी की, दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या तुलनेत घसरले आहेत काय, हे आधी तपासावे. ते केवळ दुरावले असतील, तर ती भूकवच ताणले गेल्याची खूण आहे, प्रस्तरभंग नव्हे.

असा ताण आजही अरबी समुद्राच्या दक्षिण सीमेवरील कार्ल्सबर्ग कटकावर, म्हणजे समुद्रतळावरील लांब डोंगररांगेवर, आहे. तेथे भूपट्ट (भूकवचाचे प्रचंड तुकडे) एकमेकांपासून दूर जातात, थंड झालेले कवच तुटते आणि त्याचे ठोकळे तिरप्या प्रतलांवरून बहुधा कटकाच्या अक्षाकडे खाली उतरतात. भूपट्ट संथपणे दुरावणाऱ्या कटकांच्या मधोमध खोल दरी आढळते ती यामुळेच.

खरी कसोटी लागते ती रूपांतर प्रस्तरभंगापाशी, म्हणजे कटकाच्या एका रेषेत नसलेल्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या प्रस्तरभंगापाशी. कटकाचा पलीकडचा तुकडा नकाशात उजवीकडे दिसला, की पलीकडची जमीनही उजवीकडे सरकत असावी, असे वाटते. प्रत्यक्षात दोन तुकड्यांच्या दरम्यान ती डावीकडे जाते. भूशास्त्रज्ञ विल्सन यांनी १९६५ मध्ये हे मांडले आणि १९६७ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ साइक्स यांनी भूकंपलहरींच्या आधारे त्याला पुष्टी दिली. कागदाच्या पट्ट्या सरकवून हे अवश्य पाहावे. मलाही ते तसेच उमगले. तुकड्यांच्या टोकांपलीकडे दोन्ही बाजू एकाच दिशेने जात असल्याने तेथील भेग जवळजवळ शांत असते.

सह्याद्रीच्या कड्याला मात्र थेट प्रस्तरभंगाची भिंत समजू नये. तो झिजत पूर्वेकडे मागे हटला आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.