अनोळखी लोकांच्या लहान मुलांचे फोटो रस्त्यावर काढणं बरोबर आहे का?

कायद्याचं म्हणाल तर बऱ्याच देशांत सार्वजनिक जागी फोटो काढायला बंदी नाहीये, हंगेरीत मात्र २०१४ पासून नुसता काढायलाही संमती लागते. पण कायद्यात बसतं म्हणून ते बरं दिसतंच असं नाही ना.

डिअ‍ॅन आर्बस या अमेरिकन फोटोग्राफर बाईंनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये खेळण्यातला हातबॉम्ब धरलेल्या एका मुलाचा फोटो काढला होता, तो गाजला पोराच्या त्या वेड्यावाकड्या चेहऱ्यामुळे, पण त्याच रोलच्या बाकी फ्रेम बघितल्या तर साधा मजेत पोझ देणारा मुलगा दिसतो. म्हणजे नुसतं काढणं नाही, कुठला फोटो निवडता ते पण आलं यात, आणि ते पोराच्या हातात नसतं.

मी पाठमोरी किंवा सावलीतली मुलं बिनधास्त काढतो. चेहरा स्पष्ट येणार असेल तर आधी आईबापाकडे बघून खुणेनं विचारतो, मान हलली तर क्लिक, नाहीतर कॅमेरा खाली (क्षण जातो, जाऊ दे). काढल्यावर डिलीट करा म्हणाले तर वाद न घालता त्यांच्यासमोरच डिलीट. रडणारं किंवा उघडं मूल कधीच नाही. आणि फोटो ऑनलाइन टाकताना लोकेशन काढून टाका, युनिफॉर्मवर शाळेचं नाव दिसतंय का तेही बघा.